गोलांची खोली

काकांनी मला खोली दिली ती माझं अक्षर बघून. टॅम्पिनीसच्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दारात मी बॅग घेऊन उभी, घामाने चिंब, पासपोर्ट आणि एम्प्लॉयमेंट पासचं पत्र हातात तयार, आणि काका म्हणतात, "ते राहू दे. हा कागद घे. दहा ओळी लिही."

मला वाटलं, काही करारबिरार असेल. "काय लिहू?"

"काहीही. मराठीत लिही. रेघ सरळ जाते का बघायचंय."

चपलांच्या कपाटावर कागद ठेवून मी नाशिकहून सिंगापूरला कशी आले ते लिहिलं. काकांनी कागद नाकाला लावला, म्हणजे खरोखरच नाकाला, आणि तसाच डावीकडून उजवीकडे सरकवला. "वेलांट्या बऱ्या आहेत. आत ये." माझ्या आधी दोन इंजिनिअर मुलांना त्यांनी नुसत्या अक्षरावरून परत पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यातला एक तर दोन महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायला तयार होता.

मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या, हाच माझा पोटापाण्याचा धंदा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते वाचल्यावर कुणी म्हणायला नको की बाईला अक्कल नव्हती. अक्कल होती. तिचं काय केलं, ते सांगायला बसले आहे.

फ्लॅट तीन खोल्यांचा. एकीत काका, एकीत मी आणि सगळ्यात मोठ्या खोलीत गोल. एसी फक्त गोलांना. मी पंख्याखाली उकडून निघायची आणि भिंतीपलीकडे बिस्किटांचे नऊ डबे थंडगार हवेत बसलेले असायचे. एकदा मी न राहवून विचारलं, "काका, माझ्या खोलीत कधी लावणार एसी?"

"तुला बुरशी येते का?"

"नाही."

"मग?"

काका त्या खोलीत जाताना हाफ पँटवर स्वेटर चढवायचे, डोक्याला माकडटोपी घालायचे आणि दार पटकन लावून घ्यायचे. बाहेर बत्तीस डिग्री. शेजारच्या चिनी आंटीने त्यांना त्या अवतारात एकदा पाहिलं आणि मला लिफ्टमध्ये हळूच विचारलं, "युअर अंकल सिक आह?" मी म्हटलं, "नो आंटी, ही इज लाइक दॅट वन." तीन महिन्यांत मीही तसंच, सिंगापुरी इंग्रजीत, बोलायला लागले होते.

आता गोल म्हणजे काय ते सांगते. शंभर वर्षांपूर्वी कॅनडातल्या एका खाणगावात बर्फावरची हॉकी खेळणारा एक माणूस होता. पैसे घेऊन खेळणारे जे अगदी पहिले पहिले लोक, त्यांतला. त्याचं नाव मी इथे देत नाही. काकाही घेत नसत, "आपला गडी" म्हणत. या गड्याने आयुष्यात जितके गोल केले, त्या प्रत्येकाचं एक कार्ड. तारीख, गाव, समोर कोण, बर्फ कसा होता, गोल कसा झाला, तेव्हा दोन्हीकडचे आकडे किती. चारशेच्या वर कार्डं, त्या नऊ डब्यांत. सिंगापूरमध्ये, टॅम्पिनीसमध्ये, मराठीत.

काका हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत सत्तावीस वर्षं नुकसानीचे क्लेम तपासत होते. माल खरोखर समुद्रात भिजला की कुणी गोदामात पाणी ओतून भिजवला, एवढंच बघायचं. गोणीचा धागा जिभेला लावून सांगायचे म्हणे, हे खारं नाही, नळाचं आहे. भल्याभल्या व्यापाऱ्यांची लबाडी त्यांनी अशी धाग्यावरून पकडली होती. त्यातल्याच एका कामासाठी कंपनीने त्यांना ऐन थंडीत कॅनडाला पाठवलं आणि वादळामुळे ते एका आडगावी तीन आठवडे अडकून पडले. गावात ऊब असलेली जागा एकच, लायब्ररी. तिथे जुन्या वर्तमानपत्रांची फिल्मची रिळं होती आणि ती सांभाळणारी साठी उलटलेली एक बाई होती. त्या गड्याची मुलगी.

तिच्या बापाचं आयुष्य तिने काकांना सांगितलं आणि काकांनी मला किमान पन्नास वेळा. पंधराव्या वर्षी खाणीत. मग खाणमालकाने गावाचा संघ काढला आणि याला खेळायचा पगार सुरू केला. खेळायचे पैसे घेतो म्हणून चर्चमध्ये लोक याच्या बाकावर बसेनात. मग ती एक थंडी आली, जिच्यात याच्या काठीला लागलेलं प्रत्येक रबर, म्हणजे चेंडूऐवजी असते ती चकती, जाळीतच गेलं आणि तेच लोक याला खांद्यावर घेऊन नाचले. दुसऱ्या गावाने याला पळवलं, तिसऱ्याने त्याच्याकडून. मग एका सामन्यात तोंडावर काठी बसली, जबडा मोडला, आणि परत उभा राहीपर्यंत पोरसवदा खेळाडू पुढे निघून गेले होते. शेवटी ज्या मैदानावर गोल केले त्याच मैदानाचा बर्फ झाडायला राहिला आणि नंतर एका गोदामावर राखणदार. दारू प्यायला की सांगायचा, मी एका सामन्यात पाच गोल केलेत. गुत्त्यातली माणसं हसायची. मुलीला शाळेत म्हणायचे, थापाड्याची पोर.

"रिळं तिच्याच ताब्यात होती," काका सांगायचे. "चाळीस वर्षं. पण तिने एकदाही लावून बघितलं नाही. का? तर पाच नसले तर!"

म्हणून काकांनी बघितलं. तीन आठवडे बघितलं. पानापानाचे छापे काढून घेतले, ट्रंकेत भरले आणि तिला म्हणाले, मी नीट जुळवून पाठवतो. इथे आले, पुन्हा कामाला जुंपले गेले आणि ट्रंक वीस वर्षं पलंगाखाली राहिली. मधल्या काळात त्या लायब्ररीला आग लागली, रिळं गेली. रिटायर झाल्यावर काकांनी ट्रंक उघडली तेव्हा इथल्या दमट हवेत त्या चकचकीत कागदावरची अक्षरं उडायला लागली होती. चहाचा डाग वाळावा तसा रंग झालेला. जगात त्या माणसाचा पुरावा तेवढाच उरलेला, आणि तो रोज थोडा थोडा पुसला जात होता. त्याच सुमाराला काकांच्या डोळ्यांतही काचबिंदू उतरला. म्हणून त्यांना भाडेकरू नको होता, अक्षर हवं होतं.

मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं, काका, फोनने सगळ्याचे फोटो काढून ठेवू या, दोन तासांचं काम. तर एकदम भडकले. "फोटो काढलास की वाचायची घाई संपली. मी वीस वर्षं तेच केलं. वाच आणि लिही. दुसरं काही नाही!" मी वाद घातला नाही. घालायला हवा होता. पण ऑफिसातून दमून आलेलं माणूस कुठे वाद घालत बसणार, मी मुकाट्याने वाचायला लागले.

रोज संध्याकाळी सात ते आठ. मी भिंग आणि दिवा घेऊन, काका डोळे मिटून समोर. दिव्याखाली कागद फार वेळ धरला तर असलेलंही उडायचं, त्यामुळे एक पान एकदाच. मी इंग्रजी वाचायची, मराठीत सांगायची आणि काका "लिही" म्हणाले की कार्डावर उतरवायची. त्यांनी माझ्या आधी स्वतः लिहिलेली कार्डं ओल लागून फुगली होती. ती सगळीही पहिल्या वर्षात मीच नव्याने लिहून काढली आणि जुनी फेकून दिली. शेवटचं लिहिलं त्या दिवशी काका फार खूश होते. "आता सगळा माणूस एका हाताचा झाला," म्हणाले.

आणि गोल सापडला की घंटा. काकू आईच्या आजारपणासाठी म्हणून पुण्याला गेल्या त्या परत आल्याच नाहीत. देव घेऊन गेल्या, घंटा राहिली. त्या काळी गोलामागे एक माणूस उभा असायचा, रबर आत गेलं की काही गावांत तो घंटा वाजवायचा. म्हणून काकाही वाजवत. एका गोलाला एकदा. पलीकडची आंटी मला म्हणाली, "युअर अंकल सो होली वन, एव्हरी डे प्रे." मी मान डोलावली.

काकांचं एक पालुपद होतं. तेव्हाच्या खेळात पुढच्याला पास देता येत नसे. रबर द्यायचं तर आपल्या मागे असलेल्यालाच. काका हे कशालाही लावायचे. काकूंचा रविवारचा फोन पाच मिनिटांत आटपला की म्हणायचे, "पुढच्याला देता येत नाही बघ." कार्डांचा कंटाळा येऊन मी विचारलं, कशासाठी चाललंय हे सगळं, तर म्हणाले, "त्याची मुलगी मागे उभी आहे ना. नव्वदीची झाली. तिला द्यायचंय."

एका रविवारी मी त्यांना जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये घेऊन गेले. वर बर्फाचं मैदान होतं. एमआरटीच्या गाडीत तासभर काका स्वेटर मांडीवर घेऊन बसले होते, पोरं सहलीला निघतात तसे. काही गोरे आणि काही इथलेच लोक हॉकी खेळत होते. काका काचेला नाक लावून उभे राहिले. त्यांना दिसत किती होतं देव जाणे, पण पाचव्या मिनिटाला ओरडले, "अरे, पुढे पास दिला! फाउल! फाउल!" लोक बघायला लागले. मी त्यांना म्हटलं, काका, आता चालतो तो. "चालतो? मग उरलं काय?" असं म्हणून खट्टू झाले. खेळ संपल्यावर मी पाणी आणायला गेले, तेवढ्यात हे फाटकातून आत. गुडघे टेकून त्यांनी दोन्ही तळवे बर्फावर ठेवले होते. गार्ड धावला, "अंकल, कॅनॉट, कॅनॉट लाह!" काका उठेनात. मला म्हणाले, "इतकं गार असतं होय! आणि हा त्याच्यावर पडायचा, तोंडावर." परतताना टॅम्पिनीसपर्यंत ते तळवे बघत होते. इतके लोभस दिसत होते की मला रडू आलं.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ते डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेले. मी ऑफिसातून आले तर काका जेवणाच्या टेबलाशी अंधारात बसलेले. दिवा लावायचंही सुचलं नव्हतं, किंवा फरक पडत नव्हता.

"उजवा गेला," ते म्हणाले. "डावा जातोय. किती दिवस म्हणून विचारलं तर ती डॉक्टर मुलगी म्हणते, अंकल, डोन्ट थिंक सो मच लाह." मग म्हणाले, "वाच."

मी पान काढलं. जबडा मोडल्यानंतर गडी परत खेळायला उतरला, त्या सामन्याचं पान. मी भिंग लावून ओळ न् ओळ बघितली. त्याचं नाव एकदाच होतं, तेही "थकलेला दिसला" एवढंच सांगायला.

"किती केले आपल्याने?"

"एक," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. काकांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "मोडक्या जबड्याने? कसा केला, कसा?" मग मी सांगितलं. शेवटची मिनिटं, बर्फ मऊ झालेला, तीन जणांना हुलकावणी देऊन डाव्या बाजूने आत शिरला. काकांनी घंटा वाजवली. त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं त्यांनी. नंतर उठून तीन पोळ्या खाल्ल्या.

खोटं इतकं उपयोगी असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. औषध दिल्यासारखं वाटलं. आणि मग ज्या दिवशी काकूंचा फोन आला नाही त्या दिवशी एक. ज्या दिवशी ते दाराच्या चौकटीवर आपटले त्या दिवशी एक. पान इतकं उडालेलं असायचं की गोल कुणी केला ते लागत नाही, मग म्हणायचं, आपल्यानेच. कधी दुसऱ्याचा गोल उचलून याच्या पदरात. कधी उगाच. पुढे पुढे तर माझ्याच दिवसासाठी. मॅनेजरने सगळ्यांसमोर झापलं, नाशिकहून आईने लग्नाचं काढून डोकं खाल्लं, की मीही एक गोल करायची, घंटा ऐकायची आणि झोपायला जायची. छान लिहायची मी ते. खऱ्या गोलांपेक्षा माझे जास्त रंगायचे, कारण वर्तमानपत्रवाले कंजूस, दोन ओळींत गोल उरकायचे.

काकांना कधी शंका आली नाही. नळाच्या पाण्याची चव ओळखणारा माणूस, पण माझं अक्षर त्यांनी जिभेला लावून बघितलं नाही.

मग या कार्डांची फाईल झाली. त्या गावात नवं मैदान बांधलं होतं आणि जुन्या खेळाडूंची नावं तिथे भिंतीवर लावायची म्हणून एक समिती नेमली होती. मुलीने अर्ज केला, पुरावा काकांनी पाठवायचा. मी चारशे कार्डांचं इंग्रजी केलं. करताना माझ्या मनात आलं का? आलं. मी स्वतःला म्हटलं, शंभर वर्षांपूर्वीचं आहे, कोण बघणार! टेस्टर बाई म्हणते, कोण बघणार. आम्ही पार्सल केलं त्या दिवशी काका पोस्टात इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. काउंटरवरच्या माणसाला म्हणाले, "मॅन इनसाइड. हँडल केअरफुली."

सहा महिन्यांनी समितीचं पत्र आलं. तोवर काकांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. म्हणाले, "सावकाश वाच."

मी वाचलं. समितीने आजूबाजूच्या गावांच्या जुन्या क्लबांकडून सामन्यांचे निकाल मागवले होते. गोल कुणी केले ते त्यात नव्हतं, पण किती झाले ते होतं. चार सामने असे निघाले की काकांच्या कार्डांप्रमाणे या एकट्या माणसाने जितके गोल केले, तितके त्याच्या सबंध संघानेही केले नव्हते. मूळ कागद वाचण्याच्या स्थितीत नाहीत असं आपणच कळवलं आहे. तेव्हा या नोंदींवर विसंबून राहता येत नाही. नाव लावता येत नाही. कळावे.

इतकी वर्षं त्यांना बरं वाटावं म्हणून वाचलं, आणि नेमकं त्या दिवशी मी जसंच्या तसं वाचलं. अजून मला कळत नाही का. कदाचित एकदाचं पकडलं जावं असं वाटलं असेल.

काका म्हणाले, "कुठले चार?" मी तारखा सांगितल्या. त्यांनी मान हलवली. "माझ्या वेळची कार्डं असणार. डोळे जायला लागले होते आणि मी कबूल करत नव्हतो. एकाचे दोन दिसले असतील."

एक वाक्य बोलायचं होतं. काका, ते मी केलं. चार शब्द. मी उठून पाणी प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मुलीसाठी पत्र सांगितलं. "चूक माझी आहे. तुमच्या वडिलांची नाही. ते खोटं बोलत नव्हते. खोटा मी ठरलो आहे." हे मी लिहिलं. माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, खाली त्यांचा हात धरून सही करवून घेतली आणि तिकीट लावून पोस्टात टाकलं. माझ्याइतकं निर्लज्ज माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

तिचं उत्तर आलं, चार ओळींचं. तुम्ही फार कष्ट घेतलेत. वाईट वाटून घेऊ नका. बाबा वाढवून सांगायचे असं सगळेच म्हणत. मला वाटलं होतं, एवढं एक तरी खरं असेल.

महिनाभराने तिच्या वृद्धाश्रमातून छापील कार्ड आलं, ती गेल्याचं. काकांनी ते हातात घेऊन बोटांनी चाचपलं आणि एसी बंद करायला सांगितला. त्या फ्लॅटमध्ये तो पहिल्यांदाच बंद झाला. मग मला म्हणाले, "तुझ्या खोलीत बसवून घे हवं तर." मी बसवला नाही.

वर्षाच्या अखेरीला माझा पास वाढवून मिळाला नाही. तीस दिवसांत निघायचं होतं. जायच्या आदल्या रविवारी, भर दुपारी, काका टेबलाशी बसले होते, मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं. हॉस्पिटलचा दिवस, मोडका जबडा, तीन पोळ्या. वाटलं होतं ओरडतील, घराबाहेर काढतील. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं.

ते उठले. भिंत चाचपत आतल्या खोलीत गेले आणि एकेक करून नऊ डबे आणून टेबलावर मांडले. मला हात लावू दिला नाही. घंटाही आणली. मग बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला भीती वाटली ती त्याचीच, कारण तिथे आशा होती.

"म्हणजे माझे डोळे चुकले नव्हते," काका म्हणाले. "बरं झालं बोललीस. आता काढ."

"काय काढू?"

"तू घातलेले. तेवढे बाहेर काढ. बाकीचा माणूस खरा राहतो की! ती नाही तर नाही. पण राहतो."

मी पहिला डबा उघडला. हे इतकं सोपं आहे हे मला सुचलंच नव्हतं. जबड्याचं कार्ड लगेच सापडलं, ते बाजूला ठेवलं. समितीने पकडलेली चार मिळाली. चौकटीवर आपटले त्या दिवसाचं मिळालं. मग पुढचं कार्ड हातात घेतलं. कडाक्याची थंडी, गोलापासून वीस हातांवरून फटका, रबर गोलरक्षकाच्या कानाजवळून आत. हे वाचलं होतं की रचलं होतं? मला कान आठवेना. त्याच्या पुढचं घेतलं. त्याच्या पुढचं. सगळी एका शाईची, एका वळणाची, सरळ रेघांची. दुसरा डबा. तिसरा. मी आत जाऊन ट्रंकेतले छापे घेऊन आले आणि खिडकीच्या उजेडात धरले. कोरे तपकिरी कागद. एक अक्षर नाही.

"किती झाले?" काका विचारत होते. "वीस? तीस असले तरी चालतील."

"काका, मला ओळखू येत नाहीत."

त्यांना आधी समजलंच नाही. मग समजलं. त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले, त्या बर्फावर ठेवले होते तसे.

"एक तरी," ते म्हणाले. "एक असं दे, जे नक्की खरं आहे."

ते माझ्याजवळ होतं. सहाव्या डब्यात, त्या एका थंडीतल्या सामन्याची पाच कार्डं. पाच गोल, एकाच सामन्यात. ते पान मी आल्या आल्या वाचलं होतं, खोटं बोलायला शिकायच्या आधी, आणि ती ओळ मला आजही पाठ आहे. त्या दिवशी काकांनी पाच वेळा घंटा वाजवली होती आणि मी हसले होते. त्या बाईला आयुष्यभर हवं होतं ते हेच, आणि ते खरं होतं. मी त्यातलं पाचवं कार्ड काढून त्यांच्या हातात ठेवलं.

"पाचवा गोल, काका. हा खरा आहे. शप्पथ."

काकांनी कार्ड दोन्ही हातांनी धरलं. जुन्या सवयीने नाकाजवळ नेलं, मग खाली घेतलं आणि माझ्या दिशेने तोंड करून, अगदी हळू आवाजात, मला त्रास होऊ नये अशा बेताने विचारलं,

"हे मला बरं वाटावं म्हणून तर सांगत नाहीस ना?"

मी नाही म्हटलं. पुन्हा म्हटलं. घंटा त्यांच्या हाताशीच होती. त्यांनी ती वाजवली नाही.